तोटा मर्यादित म्हणजे किती?

विवरणपत्रांचा हंगाम सुरू झाला की लातुरातल्या माझ्या ऑफिसात दोन तऱ्हेची माणसं येतात. फॉर्म सोळाची घडी खिशातून काढणारी आणि मोबाइल पुढे करणारी. दुसऱ्या तऱ्हेची माणसं करोनानंतर फार वाढली. मोबाइलवर दलालाच्या ॲपमधून उतरवलेला वर्षभराचा हिशेब असतो आणि सोबतचं वाक्य ठरलेलं असतं, "काका, थोडंसं एफ अँड ओ केलंय, तेवढं बघा." एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन. फ्युचर म्हणजे वायदा, आणि ऑप्शन म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा, पैसे देऊन मिळवलेला हक्क. त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. थोडंसं म्हणजे कधीकधी वर्षाला अडीच हजार सौदे. बाजार उघडा असलेल्या प्रत्येक दिवशी दहा. एवढे सौदे मोंढ्यातला आडत्याही करत नसेल.

आयकराच्या लेखी हा पोरगा व्यापारी. शेअर बाजारातल्या वायद्यांचं आणि ऑप्शनचं उत्पन्न कायदा व्यवसायाचं धरतो, आणि तेही सट्टा नसलेल्या व्यवसायाचं. 'सट्टा नसलेला' हा रकाना भरताना माझा हात दरवेळी जरा अडखळतो. तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो पण पगारातून वजा होत नाही, हे सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "मग दाखवलाच पाहिजे का? घरी काही कागद येतो का?"

तेव्हा मी विचारतो, करतोस काय नेमकं? स्ट्रॅटेजी कोणती? फिरून फिरून तीनच उत्तरं मिळतात.

"मी फक्त बाइंग करतो, काका. गेलं तर प्रीमियम जाईल. रिस्क लिमिटेड."

"मी सेलिंगवाला. दहातल्या आठ वेळा पैसा माझाच."

"मी उघडं काही ठेवत नाही. सगळं हेज करूनच."

पहिला ऑप्शन विकत घेतो, दुसरा विकून प्रीमियम घेतो, तिसरा विकलेल्या ऑप्शनला दुसऱ्या ऑप्शनचं कुंपण घालतो, म्हणजेच हेज करतो. तिन्ही वाक्यं खरी आहेत. आणि बहुतेक वेळा तिघांच्याही कागदावर शेवटची ओळ लाल असते.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते या विसंगतीबद्दल आहे. ऑप्शनच्या धोक्याबद्दल आपण बोलतो तेव्हा एकतर 'दहातले नऊ बुडतात' असा घाऊक आकडा फेकतो, नाहीतर स्ट्रॅटेजीचं नाव घेऊन ती सुरक्षित की जहाल असा शिक्का मारतो. दोन्हीतून समोरच्या माणसाला काहीच कळत नाही. तोटा किती होऊ शकतो, किती वेळा होतो आणि किती वेगाने येतो या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक स्ट्रॅटेजी यातल्या एका गोष्टीत सोज्वळ दिसते आणि उरलेल्यांत हिशेब चुकता करून घेते. नियमनाची सगळी चर्चा मात्र लॉट (एका सौद्यातले नग) केवढा, एक्स्पायरी (ऑप्शन संपण्याचा दिवस) कोणत्या वारी, यातच फिरत राहते.

आधी खरेदीदाराकडे बघू. समजा निफ्टी २५,००० वर आहे आणि एका लॉटमध्ये ७५ नग आहेत (हा आकडा एक्स्चेंज अधूनमधून बदलतं). आठवड्यात संपणारा २५,००० चा कॉल, म्हणजे त्या भावाने घेण्याचा हक्क, १५० रुपयांना घेतला, म्हणजे ११,२५० रुपये दिले. निफ्टी वाढणार हा अंदाज होता आणि एक्स्पायरीला तो १२५ अंकांनी वाढलाही. अंदाज बरोबर, आणि खिशातून १,८७५ रुपये गेले, कारण फायदा २५,१५० च्या पुढे सुरू होणार होता. दिशा बरोबर हवी, वाढ पुरेशी हवी आणि ती ठरलेल्या दिवसाच्या आत हवी. तिन्ही जुळल्या तरच पैसा. शेअर घेऊन ठेवणाऱ्याला यातली पहिली जुळली तरी चालून जातं, त्याला थांबता येतं. ऑप्शन घेणाऱ्याला थांबण्याचंच भाडं भरावं लागतं, आणि एक्स्पायरी जवळ येईल तसं ते भाडं चढत जातं. बाजारात त्याला थीटा म्हणतात. पोरांना हा शब्द पाठ असतो, पण तो आपल्याच खिशातून जातो हे पीडीएफ बघेपर्यंत उमगत नाही.

आता 'लिमिटेड' या शब्दाचं बघा. तोटा मर्यादित असतो तो एका सौद्याचा. एका ताटात मावेल तेवढंच जेवायचं असा नेम केला आणि दिवसातून दहा ताटं वाढून घेतली, तर नेम मोडला नाही असं म्हणता येईल, पोट मात्र बिघडेलच. एक्स्पायरीच्या दिवशी दुपारनंतर पाच-सात रुपयांना मिळणारे लांबचे स्ट्राइक (ठरलेला भाव बाजारापासून दूर असलेले ऑप्शन) घ्यायचे आणि ते पन्नास-साठ होतील म्हणून वाट बघायची, याला 'हिरो-झिरो' असं नाव आहे. नावातच निकाल सांगितलेला आहे, तरी लोक पहिलाच शब्द वाचतात.

खरेदीदाराच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते, ती समजून घ्यायला जून २०२४ चे तीन दिवस पुरेत. एक्झिट पोलच्या जोरावर ३ जूनला निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला. ४ जूनला लोकसभेचे निकाल लागले आणि तो २१,८८४.५० वर आला. एका दिवसात १,३७९ अंक, जवळजवळ सहा टक्के. दुसऱ्या दिवशी बाजार तीन टक्क्यांहून जास्त सावरला. म्हणजे ४ तारखेला संध्याकाळी ज्याने 'आता उसळणार' असं ओळखलं तो बरोबर होता. पण इंडिया व्हीआयएक्स, म्हणजे बाजाराच्या भीतीचा मापक, ४ जूनला २६ च्या वर होता आणि ५ जूनला १९ च्या खाली आला. भीती उतरली तसा प्रीमियममधला भीतीचा वाटाही विरला. पावसाची हूल उठली की ताडपत्री महाग होते. पाऊस येवो न येवो, हूल ओसरली की भाव उतरतो. निकाल, बजेट, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, कंपनीचे तिमाही आकडे, यांच्या आदल्या दिवशी ऑप्शन घेणारा माणूस महाग ताडपत्री घेत असतो.

हे सगळं कळलं की पोरगा सेलिंगकडे वळतो. त्याला वाटतं, खरेदीदाराचं बुडतं ते जातं कुठे, तर विकणाऱ्याकडे. मग आपणच विकू. तर्क चुकीचा नाही. काही वर्षांपूर्वी 'नऊ-वीसचा स्ट्रॅडल' फार गाजला होता. बाजार सव्वानऊला उघडतो, पहिली पाच मिनिटं जाऊ द्यायची, मग एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट (विकण्याचा हक्क) दोन्ही विकायचे, दोन्हींना स्टॉपलॉस (तोटा ठरावीक झाला की सौदा मोडणारी ऑर्डर) लावायचा आणि कामाला लागायचं. बाजार जागेवर राहिला की प्रीमियम वितळतो, तो आपला. बहुतेक दिवस बाजार जागेवरच राहतो. म्हणून दहातल्या आठ वेळा पैसे मिळतात, हे खरं आहे.

पण किती मिळतात? कॉल आणि पुट मिळून २०० अंकांचा प्रीमियम आला असं धरू. ७५ नगांचे १५,००० रुपये, आणि हा सगळा मिळाला तरच. समजा ही पोझिशन आठवडाभर ठेवली आणि ४ जूनसारखी १,३७९ अंकांची पडझड वाट्याला आली. आलेले २०० वजा केले तरी १,१७९ अंक अंगावर राहतात. ७५ ने गुणा, ८८,४२५ रुपये. जवळजवळ सहा आठवड्यांचा पूर्णच्या पूर्ण जिंकलेला प्रीमियम एका दिवसात गेला, आणि पूर्ण प्रीमियम दर आठवड्याला कोणाच्याच हाती लागत नाही. जिंकण्याचं प्रमाण हा विक्रेत्याचा अभिमानाचा आकडा असतो. तो आकडा खोटा नसतो. फक्त जिंकलेल्या आठवड्यांचं वजन आणि हरलेल्या आठवड्याचं वजन एकाच तागडीत कधी घातलेलं नसतं.

"पण स्टॉपलॉस असतो ना काका?" असतो. बाजार उघडा असेपर्यंत असतो. रात्रीत काही घडलं तर सकाळी भाव स्टॉपलॉसच्या पलीकडेच उघडतो. २३ मार्च २०२० ला बाजार उघडल्यावर थोड्याच वेळात खालचं सर्किट लागलं, व्यवहार ४५ मिनिटं थांबले, आणि दिवसअखेर निफ्टी सुमारे १३ टक्के खाली होता. अशा दिवशी स्टॉपलॉस ही एक इच्छा उरते. शिवाय ऑप्शनमध्ये बाजारभावाने सुटणारा स्टॉपलॉस राष्ट्रीय शेअर बाजाराने २०२१ मध्येच बंद केला. आता किमतीची मर्यादा द्यावी लागते, आणि भाव मर्यादा ओलांडून उडी मारून गेला तर ऑर्डर तशीच लटकत राहते. सौद्याची ती बाजू, म्हणजे लेग, उघडी, पोरगा कामावर.

निक लीसनची गोष्ट अनेकदा 'बँक बुडवणारा ठग' म्हणून सांगितली जाते. ती स्ट्रॅडल विकणाऱ्याची गोष्ट म्हणूनही वाचावी. बेअरिंग्ज ही १७६२ ची बँक. सिंगापूरच्या तिच्या कार्यालयात बसून लीसन गुप्त खात्यात साठलेला तोटा लपवत होता आणि त्यासाठी लागणारा पैसा जपानच्या निक्केई निर्देशांकावरचे स्ट्रॅडल विकून उभा करत होता. निक्केई स्थिर राहिला असता तर प्रीमियम त्याचाच होता. १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला. निक्केई पडला, त्याला सावरायला लीसनने वायदे घेतले, आणखी घेतले, आणि फेब्रुवारीअखेर ८२ कोटी पौंडांहून जास्त तोटा दाखवून बँक संपली. तिला एका डच संस्थेने एक पौंडाला घेतलं. लबाडी केली हे खरंच, पण ज्या गोष्टीने तो संपला ती लबाडी नव्हती. 'काही घडणार नाही' यावर पैसा लावला होता, आणि काहीतरी घडलं.

तिसरा गट हेजवाल्यांचा, आणि माझ्या मते सर्वांत फसवा. आयर्न कॉन्डॉर हे नाव ऐकायला भारदस्त. चार लेग असतात, दोन विकलेले आणि त्यांच्या पलीकडे दोन घेतलेले. त्यामुळे तोट्याला खरोखरच कुंपण पडतं. २०० अंकांच्या कुंपणात ४० अंकांचा प्रीमियम आला, तर जास्तीत जास्त फायदा ४० आणि जास्तीत जास्त तोटा १६०. आता शाळेतलं गणित करा. शंभरातल्या ८० वेळा ४० मिळाले, ३,२००. उरलेल्या २० वेळा १६० गेले, तेही ३,२००. म्हणजे ८० टक्के वेळा जिंकून हातात शून्य. आणि अजून दलाली द्यायचीच आहे. उघडताना चार ऑर्डरी, मोडताना चार. प्रत्येकी २० रुपये धरले तर १६०, त्यावर जीएसटी, मग विक्रीच्या प्रीमियमवर एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), एक्स्चेंजचं शुल्क, स्टँप. पूर्ण जिंकलेल्या सौद्याचे ३,००० रुपये येतात, त्यातले सहा टक्क्यांहून जास्त नुसती दलाली आणि तिच्यावरचा जीएसटी खातात. बाजार तेजीत आहे की मंदीत, याच्याशी या रकमेला देणंघेणं नाही. कुंपण घातलं म्हणजे शेत राखलं खरं, पण कुंपणाचा खर्च पिकाहून जास्त झाला की नाही, हे बघायचं राहून जातं.

इथे मला नावांच्या फसवेपणाचं एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. कव्हर्ड कॉल म्हणजे घरात असलेल्या शेअरवर कॉल विकणं. निवृत्त माणसाला सल्लागार हे आनंदाने सुचवतात, 'शेअर पडून आहेत, भाडं तरी येईल.' आणि पुट विकणं म्हटलं की तेच सल्लागार भुवया उंचावतात. पण शेअरच्या पूर्ण किमतीएवढी रोकड बाजूला ठेवून त्याच स्ट्राइकचा, त्याच तारखेचा पुट विकला, तर दोन्हींच्या फायद्यातोट्याची आकृती एकच निघते. वर वाढलं तर ठरावीक पैसे, खाली पडलं तर जवळजवळ सगळा भार आपल्यावर. भाडेकरू घराला आग लागली तर भरपाई देत नाही. एकाला आपण पोक्त म्हणतो, दुसऱ्याला जुगारी, आणि धोका दोघांचा सारखाच.

शेअरवरच्या ऑप्शनमध्ये तर आणखी एक खड्डा आहे. निर्देशांकाचे ऑप्शन रोखीत मिटतात, पण शेअरचे ऑप्शन २०१९ पासून प्रत्यक्ष देवघेवीने मिटतात. एक ऑप्शन घेऊन दुसरा विकला, म्हणजे दोन लेगांचा स्प्रेड केला, वाटलं तोटा बांधलेला आहे. एक्स्पायरीला भाव दोन स्ट्राइकच्या मधोमध थांबला. एक लेग निरुपयोगी ठरला आणि दुसऱ्याने सगळा लॉट घ्यायची किंवा द्यायची जबाबदारी गळ्यात टाकली. आठ-दहा हजारांचा खेळ समजून बसलेल्या माणसापुढे पाच-सात लाखांचं देणं उभं राहतं. एक्स्पायरीआधीच्या दिवसांत मार्जिन (दलालाकडे ठेवायची अनामत) वाढत जातं ते यासाठीच, आणि दलाल तसे मेसेजही पाठवतो. तो मेसेज जाहिरातींच्या ढिगात पडलेला असतो.

आता घाऊक आकड्यांकडे येतो, कारण ते सोडून चालणार नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी तोटा केला, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा झालेले फक्त एक टक्का. तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलेलं. तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलेला. आणि राज्यवार बघितलं तर सगळ्यात जास्त माणसं महाराष्ट्रातली. मग २०२४-२५ चे आकडे आले. तोटा करणारे ९१ टक्के, आणि एकूण निव्वळ तोटा आदल्या वर्षीच्या सुमारे ७५ हजार कोटींवरून १ लाख ५ हजार कोटींच्या पुढे.

हा पैसा गेला कुठे, तेही त्याच पहिल्या अभ्यासात आहे. २०२३-२४ मध्ये दलालसंस्थांच्या स्वतःच्या खात्यांनी ३३ हजार कोटी आणि परकीय गुंतवणूकदार संस्थांनी २८ हजार कोटी खर्चाआधीचा नफा कमावला, आणि त्यातला जवळजवळ सगळा संगणकाने चालवलेल्या सौद्यांतून. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये अडकवले. बँक निफ्टीतले शेअर एका दिशेला ढकलायचे आणि ऑप्शनमध्ये त्याहून मोठी उलटी बाजू धरायची, असा आरोप आहे. कंपनीने तो नाकारला आणि दाद मागितली. निकाल काय लागायचा तो लागो. आदेशातली वर्णनं खरी असोत वा नसोत, नऊ-वीसला फोनवरून स्ट्रॅडल विकणाऱ्याच्या समोरच्या बाजूला कोण बसलेलं असतं, हे त्या निमित्ताने लोकांना पहिल्यांदा दिसलं.

मग बंदीच का नको, असं बरेच जण विचारतात. बंदी आपण घालून पाहिली आहे. ऑप्शन हा काही परदेशातून आलेला नवा रोग नाही. मुंबईच्या कापूस बाजारात 'तेजी' म्हणजे कॉल, 'मंदी' म्हणजे पुट आणि 'तेजी-मंदी' म्हणजे दोन्ही, असे सौदे शंभर वर्षांपूर्वीही चालत. १९३९ मध्ये मुंबई सरकारने कापसातल्या या सौद्यांवर कायद्याने बंदी आणली. १९५६ च्या रोखे करार कायद्याने शेअरमधल्या ऑप्शनवरही आणली. त्या कायद्याच्या व्याख्येत तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली हे शब्द आहेत, इंग्रजी मजकुरात. १९९५ मध्ये बंदी उठली आणि २००१ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात ऑप्शन सुरू झाले. मधल्या काळात लोक काय भजन करत बसले नव्हते. मटक्याचा उगमच न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या ओपनिंग-क्लोजिंग भावांवरच्या पैजेत आहे. आणि आजही एक्स्चेंजबाहेर चिठ्ठीवर चालणारा डब्बा मेलेला नाही. तिथे ना मार्जिन, ना करार, ना दाद. ऑप्शन बंद केले तर हीच पोरं तिकडे जातील, आणि मला त्यांचा कागदसुद्धा दिसणार नाही.

दुसरा युक्तिवाद स्वातंत्र्याचा. सज्ञान माणूस आपल्या पैशाचं काय करतो, त्याच्याशी सरकारला काय? हाही मी गंभीरपणे घेतो. महाराष्ट्र सरकार स्वतः १९६९ पासून लॉटरी चालवतं, तेव्हा नैतिकतेचा सूर जरा जपूनच लावावा. पण लॉटरीचं तिकीट घेणारा स्वतःला लॉटरी व्यावसायिक म्हणवत नाही, तिकिटाचं कॅल्क्युलस शिकवणारे तीस हजारांचे वर्ग गावोगाव निघत नाहीत, आणि तिकिटामागे घर गहाण पडल्याचं क्वचित ऐकू येतं. स्वातंत्र्य द्यायचं तर आपण काय करतोय याची माहिती त्या माणसाला त्याच्या भाषेत आणि त्याच्या आकड्यात मिळायला हवी.

आज ती कशी मिळते? जुलै २०२३ पासून ॲप उघडताना एक इशारा येतो, दहापैकी नऊ व्यक्तींना एफ अँड ओमध्ये निव्वळ तोटा झाला आहे. खाली 'समजलं' असं बटण. ते बटण माझ्यासमोर कितीदा दाबलं गेलं असेल. कोणीही ते वाचत नाही, आणि वाचलं तरी काही बिघडत नाही, कारण प्रत्येकाची खात्री असते की आपण दहावे. नऊ ही नेहमी दुसरी माणसं असतात. तो इशारा सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रासारखा आहे, नजरेला सवय झालेला.

माझी मागणी साधी आहे. इशाऱ्याच्या जागी त्या माणसाचा स्वतःचा आकडा दाखवा. खातं उघडल्यापासून, किंवा निदान गेल्या तीन वर्षांत, दलाली, कर आणि सगळी शुल्कं धरून निव्वळ किती आले नि किती गेले. ऑर्डरच्या बटणाच्या वर, आजच्या हिरव्या आकड्याहून मोठ्या अक्षरात. दलालाकडे ही माहिती पैशापर्यंत आहे. मला ती विवरणपत्रासाठी मिळते, ग्राहकाला ऑर्डर टाकताना का मिळू नये? आणि चार लेगांची ऑर्डर टाकत असेल तर तिथेच सांगा की बाजार रात्रीत पाच टक्के हलला तर किती जातील, आणि नुसतं बरोबरीत सुटायला शंभरातून किती वेळा जिंकावं लागेल. हे गणित ॲपला क्षणाचं आहे. आकृती दाखवता, तर आकडाही दाखवा.

दुसरं, पायऱ्या. अमेरिकेत दलालाला ग्राहकाचं खातं ऑप्शनसाठी तपासून मंजूर करावं लागतं, आणि दलाल सहसा पायऱ्या ठेवतात. कव्हर्ड कॉल खालच्या पायरीवर, उघडी विक्री सगळ्यात वर. आपल्याकडे पगाराची पावती किंवा बँकेचं सहा महिन्यांचं खातं दाखवून एफ अँड ओचं सेगमेंट एकदा उघडलं की सगळं एकदमच उघडतं. आपल्या शेअरना विमा म्हणून पुट घेणारा आणि उघडा स्ट्रॅडल विकणारा, दोघांना दार एकच. मार्जिन असलं की झालं. आणि ते मार्जिन वैयक्तिक कर्ज काढून आणलंय का, हे विचारणारं कोणी नाही.

आठवड्याच्या एक्स्पायरीबद्दल माझं मत यापेक्षा कडक आहे. ती जावी. नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवता येते, हे योग्य पाऊल होतं, पण अर्धं. सात दिवसांचा विमा नक्की कोणाला हवा असतो? फंडाच्या व्यवस्थापकाला महिन्याचा पुरतो. आठवड्याचा लागतो तो पैज लावणाऱ्याला, आणि त्याच्या प्रत्येक पैजेवर शुल्क घेणाऱ्या एक्स्चेंजला, दलालाला आणि सरकारला. एसटीटी तोट्याच्या सौद्यावरही लागतो, हे ध्यानात घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ऑप्शनच्या विक्रीवर ०.०६२५ वरून ०.१ टक्का केला, लोकांना परावृत्त करायला म्हणून. परावृत्त किती झाले कोण जाणे, तिजोरीत भर नक्की पडली. ज्याचा हात या गंगेत धुतला जातोय, तो प्रवाह अडवेल अशी अपेक्षा मी धरत नाही. म्हणून तर ही मागणी जाहीरपणे करावी लागते.

लातूरच्या माणसाला यात एक वेगळीच कळ लागते. इथे सोयाबीन पिकतं. भाव पडण्याचा धोका खराखुरा आहे, दर दिवाळीला तो मोंढ्यात दिसतो. पुट हा खरं तर याच माणसासाठी शोधलेला प्रकार. थोडं प्रीमियम भरा, भाव पडला तर भरपाई घ्या. पण डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांच्या वायद्यांवर बंदी घातली आणि ती पुन्हापुन्हा वाढवत नेली, सट्ट्याने महागाई वाढते या कारणाने. त्याच वर्षांत त्या शेतकऱ्याच्या पोराच्या फोनवर निफ्टीची एक्स्पायरी दर आठवड्याला येत राहिली. बापाला विमा नाकारला आणि पोराला पैज दिली.

परवा एक शिक्षक आले होते. वय पस्तिशीचं, जिल्हा परिषदेची शाळा. तिसरं वर्ष त्यांचं माझ्याकडे. ते हेजवाले. गेल्या दोन वर्षांचे कागद माझ्या फायलीत होतेच, या वर्षीचा त्यांनी मोबाइलवर दाखवला. मी तिन्ही वर्षांची बेरीज एका कागदावर मांडली. सौद्यांतला तोटा एका ओळीत, दलाली आणि कर दुसऱ्या ओळीत. दुसरी ओळ पहिलीहून मोठी निघाली. सर बराच वेळ त्या दुसऱ्या ओळीकडेच बघत होते. मग त्यांनी चष्मा वर सरकवला, कागदाचा फोटो काढला आणि विचारलं, "हा आकडा ॲपमध्ये कुठे दिसतो?"

मी म्हणालो, "दिसत नाही सर. तीन वर्षांचे तीन रिपोर्ट वेगळे उतरवायचे आणि बेरीज आपण करायची."